'मराठवाड्यावर मटेरियलच नाही' म्हणण्याआधी : पुस्तकं, प्रबंध आणि शोधनिबंध हुडकायचे कसे

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगं माझ्याकडं आलं, पीएचडीला नुकतंच ॲडमिशन झालेलं, विषय अंबाजोगाईचा सामाजिक इतिहास, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणालं, "सर, मराठवाड्यावर मटेरियलच नाही हो, विषय बदलून घेऊ का?" मी म्हणलं, काहून नाही? कुठं कुठं बघितलंस? तर म्हणे गुगलवर. बस्स, संपलं.

तालुक्याच्या कॉलेजच्या लायब्ररीत माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळं हे वाक्य मला पाठ झालंय. खरी गोष्ट अशी आहे की मटेरियल लई आहे, पण ते आपल्या आजच्या नावाखाली ठेवलेलं नाही, पुष्कळदा आपल्या जिल्ह्यात नाही, आणि कधी कधी तर आपल्या लिपीतही नाही. त्या पोराला चार-पाच बैठकांत जे सांगितलं तेच इथं क्रमानं लिहितोय. उदाहरण अंबाजोगाईचंच ठेवतो, तुम्ही तिथं तुमचं गाव घाला.

पहिली पायरी : वही घ्या आणि नुसती नावं लिहा

कॉम्प्युटर नंतर. आधी एक दोनशे पानी वही घ्यायची आणि पहिल्या पानावर तुमच्या गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची जेवढी म्हणून नावं होऊन गेली तेवढी लिहायची. अंबाजोगाईला लोक अंबेजोगाई म्हणतात, जुन्या लिखाणात जोगाईचे आंबे येतं, आणि निजामाच्या काळात हेच गाव मोमिनाबाद होतं. तिथं हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांखाली असलेल्या फौजेची, छावणी होती, त्यामुळं इंग्रजांच्या काळातल्या लिखाणात 'अंबाजोगाई' टाकून शोधलं तर चार ओळी सापडतात आणि 'मोमिनाबाद' टाकलं की पानं उघडायला लागतात. पोराला हे माहीतच नव्हतं, आणि ते स्वतः अंबाजोगाईचं!

बीडचंही तसंच. इंग्रजीत आता डबल ई घालून लिहितात, मधे एक आय घालून लिहायचे, आणि त्याआधी सरळ भीर, म्हणजे बी-एच-आय-आर. १९६९ ला महाराष्ट्र सरकारनं छापलेलं बीडचं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) या भीर नावाखालीच आहे. कॅटलॉगमध्ये तिन्ही स्पेलिंगं टाकून बघायची, कंटाळा करायचा नाही. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव ही जोडी तर सगळ्यांना माहितीय, पण जुनी पुस्तकं कोणी नव्यानं कॅटलॉग करत बसत नाही, म्हणून जुन्या नावानंही शोधायचंच.

आता जिल्हे. इथं सगळे गंडतात. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला, लातूर १६ ऑगस्ट १९८२ ला, हिंगोली १ मे १९९९ ला. म्हणजे लातूरची जुनी माहिती उस्मानाबादमध्ये, हिंगोलीची परभणीत, जालन्याची औरंगाबादमध्ये, आणि त्यातही परतूर तालुका आधी परभणीत होता हे विसरायचं नाही. उदगीर, अहमदपूर, निलंगा इथले असाल तर अजून एक वळसा आहे: हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. एका बाईंनी निलंग्यावर काम करताना दोन वर्षं उस्मानाबादच्या नावानं शोधलं आणि १९५६ च्या आधीचं काहीच हाती लागेना, मग कोणीतरी सांगितलं ताई बिदर बघा, आणि एका आठवड्यात वही भरली.

विद्यापीठाचं नावसुद्धा याच पानावर लिहा. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं २३ ऑगस्ट १९५८ ला, नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं १४ जानेवारी १९९४ ला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. म्हणजे १९८५ चा नांदेडच्या माणसाचा प्रबंध असेल तर तो औरंगाबादला जमा झालेला असणार, नांदेडला नाही. आणि १९५८ च्या आधी आपल्याकडची कॉलेजं उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हा त्याच्या मागचं काही हवं असेल तर नजर हैदराबादकडं वळवायची.

दुसरी पायरी : पाया भरून घ्या, आठ दिवसांत होतो

यात जास्त डोकं लावायचं नाही, ठरलेल्या चार गोष्टी आहेत. गॅझेटिअर पहिलं. निजाम सरकारचं औरंगाबादचं इंग्रजी गॅझेटिअर १८८४ चं आहे, ते स्कॅन होऊन नेटवर फुकट मिळतं. महाराष्ट्र सरकारची गॅझेटिअरं परभणी १९६७, भीर १९६९, नांदेड १९७१, उस्मानाबाद १९७२ आणि औरंगाबाद १९७७ अशी आहेत, दर्शनिका विभागाच्या (गॅझेटिअर काढणारं सरकारी खातं) साइटवर वाचता येतात. गॅझेटिअर वाचताना मजकुरापेक्षा तळटिपा वाचा, पुढचं पुस्तक कुठलं बघायचं ते तिथं दडलेलं असतं.

मग जनगणनेची जिल्हा पुस्तकं. १९५१, १९६१, १९७१ ची. त्यात गावागावाची यादी असते: लोकसंख्या, शाळा, पाण्याची सोय, बाजाराचा वार असलं बारीकसारीक. १९७२ च्या दुष्काळावर लिहिणाऱ्यानं १९७१ चं पुस्तक उघडलं नाही तर त्याचं लिखाण हवेतच राहणार, कारण दुष्काळाच्या तोंडावर गावात काय होतं हे सांगणारं दुसरं एवढं सलग काही नाही.

तिसरं म्हणजे दाते सूची. शंकर गणेश दाते या माणसानं १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची यादी करून ठेवलीय. एकट्या माणसाचं काम, मी ते खंड हातात घेतो तेव्हा दरवेळी थक्क होतो. मोठ्या लायब्ररीत संदर्भ विभागात असतात. चौथं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची साइट. मंडळानं आपली ढीगभर पुस्तकं पीडीएफ करून फुकट ठेवलीत, आणि आपले लोक अजून झेरॉक्सला पैसे घालायलेत.

तिसरी पायरी : शोधगंगा, पण डोकं लावून

प्रबंधांसाठी शोधगंगा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट सेंटर ही साइट चालवतं, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण तिथं सर्च बॉक्समध्ये मराठीत विषय टाकून "काही नाही" म्हणून परत येणारे मी पन्नास तरी बघितलेत. का होतं ते सांगतो. आपले मराठी प्रबंध बरेचसे श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम असल्या जुन्या फाँटांत टाइप झालेत, त्यांची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते पण कॉम्प्युटरला ती नुसती अक्षरांची खिचडी, म्हणून आतल्या मजकुरात सर्च लागतच नाही. आणि प्रबंधाचं शीर्षक कोणी देवनागरीत भरलेलं, कोणी रोमनमध्ये मनाला येईल त्या स्पेलिंगनं, कोणी त्याचं इंग्रजी करून.

म्हणून सर्चच्या नादी न लागता आधी विद्यापीठ निवडा, मग विभाग निवडा, आणि यादी वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घाला. इतिहास विभाग बघून झाला की मराठी बघा, मग लोकप्रशासन, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल. अंबाजोगाईच्या आठवडी बाजारावरचं काम इतिहासात सापडणार नाही, ते भूगोलात किंवा वाणिज्यात निघेल. हे दोन दिवसांचं हमाली काम आहे पण त्याला शॉर्टकट नाही. एखादा कामाचा प्रबंध सापडला की त्याच्या गाइडच्या नावानं शोधा, कारण गाइड लोक बहुतेक आपल्याच विषयाच्या आसपास विद्यार्थ्यांना विषय देतात, मग एका दोरीला सहा-सात प्रबंध लागून येतात.

प्रबंध तिथं प्रकरणवार वेगवेगळ्या फायलीत असतो. सगळ्यात आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. ती दहा पानं वाचली की माणसानं खरंच कुठं कुठं जाऊन बघितलंय का चार पुस्तकांवर प्रबंध उरकलाय ते लगेच कळतं. सूचीत अप्रकाशित कागदपत्रं, मुलाखती, स्थानिक वाचनालयांतले अंक दिसले तर तो प्रबंध उतरवून घ्या, नाहीतर पुढं चला. आणि सूचीतली नोंद आपल्या वहीत उचलताना "अमक्या प्रबंधात उल्लेख" असं लिहून ठेवा, मूळ पुस्तक स्वतः बघितल्याशिवाय ते बघितलं असं लिहायचं नाही. एकानं चूक केलेलं प्रकाशनवर्ष पुढच्या पाच प्रबंधांत जसंच्या तसं उतरलेलं मी बघितलंय.

शेती, पाणी, ज्वारी-कापूस असा विषय असेल तर परभणी विसरू नका. तिथलं कृषी विद्यापीठ १९७२ चं, २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावाचं. शेतीचे प्रबंध शोधगंगेपेक्षा कृषिकोश नावाच्या साइटवर जास्त सापडतात.

चौथी पायरी : आता उठा आणि लायब्ररीत जा

१९६०, ७०, ८० चे कितीतरी प्रबंध आणि पुस्तकं नेटवर नाहीतच, ती कपाटात आहेत. विद्यापीठाच्या लायब्ररीत जायचं तर आदल्या दिवशी फोन करा, कॉलेजचं किंवा गाइडचं पत्र घ्या, आधारची झेरॉक्स घ्या, आणि सकाळी लवकर पोचा. दुपारी गेलात तर जेवणाची सुट्टी, मग "साहेब मीटिंगला गेलेत", मग बसची वेळ. लांबून येणाऱ्यानं सलग दोन दिवस धरावेत. पहिला दिवस यादी करण्यात आणि ओळख होण्यात जातो, काम दुसऱ्या दिवशी होतं.

प्रबंध घरी देत नाहीत, तिथंच बसून वाचायचा. फोटो काढायचे तर विचारून काढा, नियम जागोजागी वेगळे आहेत. आणि मराठी साहित्याचा डेवी नंबर, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचा नंबर, ८९१.४६ पाठ करून ठेवा, उघड्या कपाटांत त्या नंबरपाशी जाऊन नुसतं फिरलात तरी जे कॅटलॉगात सुचलं नसतं ते हाताला लागतं.

पुस्तक कॉम्प्युटरवर "उपलब्ध" दिसतंय आणि जागेवर नाही, हे होणारच. एका लायब्ररीत (नाव कशाला) मला एक जुना वार्षिकांक हवा होता, तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा "नाहीये सर, गहाळ झाला असेल". चौथ्या वेळी काउंटर सोडून मागं चहा घेणाऱ्या शिपाईमामांच्या शेजारी बसलो, गावाकडच्या गप्पा झाल्या, मग ते म्हणाले बायंडिंगला म्हणून बांधलेले गठ्ठे जिन्याखाली आहेत, बगा त्यात. दोरी सोडली, वरून तिसराच. तेव्हा लायब्रेरियनला विचारा जरूर, पण पंचवीस वर्षं पुस्तकं उचलून ठेवणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय "नाही" हे उत्तर घेऊ नका.

विद्यापीठ झालं की गावातली वाचनालयं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अ, ब, क, ड वर्ग पडलेत, त्यातली जुनी, अ वर्गातली आधी बघा. संभाजीनगरचं बलवंत वाचनालय, परभणीचं गणेश वाचनालय अशा ठिकाणी कॉलेजात नसलेल्या जुन्या प्रती असू शकतात. मराठवाडा साहित्य परिषद तर हवीच. तिची पाळंमुळं निजामी राजवटीतली, १९४३ ची, आणि 'प्रतिष्ठान' हे तिचं नियतकालिक म्हणजे आपल्याकडच्या लेखकांची, वादांची, संमेलनांची जवळजवळ डायरीच. दलित साहित्यावर काम असेल तर गंगाधर पानतावणे यांनी संभाजीनगरहून चालवलेल्या 'अस्मितादर्श'चे अंक ओळीनं बघा, सुटे लेख नका बघू. अंकातली पत्रं, परीक्षणं, पुस्तकांच्या जाहिराती यांच्यातूनच त्या काळी कोण काय छापत होतं ते कळतं, आणि मिलिंद कॉलेजच्या आसपास १९५० नंतर काय उभं राहिलं त्याचा अंदाज येतो.

पाचवी पायरी : हैदराबाद आणि लिपीचा अडसर

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, हे भाषणात सगळे सांगतात पण अभ्यासात विसरतात. सरकारी कागद हैदराबादला, भाषा आधी फारसी मग उर्दू, गावपातळीवर मोडी. यातलं काहीच येत नसेल तर घाबरू नका, पण येत नाही म्हणून ते नाहीच असं धरून प्रबंध लिहू नका. मोडी तीन-चार महिन्यांच्या सरावानं वाचता यायला लागते. उर्दूसाठी गल्लीतले रिटायर मास्तर गाठा. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी चहाच्या बदल्यात अख्खा निवाडा वाचून दिलाय, वर त्यातल्या महसुली शब्दांचा अर्थही सांगितला.

सन बघताना फसली, म्हणजे निजामी महसुली सन, ओळखा. निजामी कागदावर १३५७ फ. असं दिसलं तर त्यात ५९० मिळवा, १९४७-४८ येतं. शके असेल तर ७८ मिळवा. वर्ष दोन इसवी सनांत पसरतं, म्हणून महिना दिसत असेल तर तोही टिपा. एका पोरानं फसलीला हिजरी समजून आठ-दहा वर्षं मागं नेलं होतं सगळं, व्हायवाला कोणाच्या लक्षात आलं नाही हा वेगळा विषय.

मुक्तिलढ्यावर सुरुवात करायची तर अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' घ्या आणि त्याच्या जोडीला स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी. स्वामीजी हिप्परग्याहून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले होते, तेव्हा त्या पोराच्या विषयाचा एक धागा इथं होताच, आणि ते गुगलवर बसलं होतं. मध्ययुगीन कोरीव लेखांसाठी पुणे विद्यापीठानं १९६३ ला काढलेलं शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' बघा. आपल्या भागावरचं पुस्तक दुसऱ्या विद्यापीठानं छापलेलं असू शकतं, हेही त्यावरून लक्षात ठेवा.

आणि पुस्तक म्हणजे कागदच, असंही नाही. संतकवी दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईतच आहे, साधारण ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, त्यावर त्यांचा 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिलेला. पोरगं ती जिथं ठेवलीय तिथून रोज शाळेला जायचं.

सहावी पायरी : स्मरणिका, गौरवग्रंथ आणि लोकांची कपाटं

माझ्या मते खरा खजिना हा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, साखर कारखान्याचा अहवाल, कॉलेजचा वार्षिकांक, संमेलनाची स्मरणिका, एखाद्या गुरुजींच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ, मराठवाडा इतिहास परिषदेच्या अधिवेशनांतले निबंध. यातलं बरंचसं थोड्या प्रती काढून वाटून टाकलेलं असतं, ना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) ना कॅटलॉग. गौरवग्रंथाचा पहिला भाग, कौतुकाचा, उडवून लावा. दुसऱ्या भागात कोणीतरी गावच्या विणकरांवर नाहीतर रझाकारांच्या काळातल्या स्थलांतरावर वीस पानं मन लावून लिहिलेली असतात, ती दुसरीकडं कुठंच नसतात.

हे मिळवायचं तर घरी जावं लागतं. जाताना मोकळ्या हातानं नका जाऊ, तुमच्या वहीतली यादी दाखवा, "काका, एवढं मिळालं, पुढचं तुमच्याकडं असेल म्हणतात" म्हणा. यादी बघितली की माणूस आपसूक उठून कपाट उघडतो. पुस्तक घरी न्यायचं म्हणू नका. तिथंच बसून मोबाइलवर फोटो काढा, मुखपृष्ठ, मागचं पान आणि मुद्रकाचं पान धरून. मुद्रकाचं पान विसरलात तर सहा महिन्यांनी सन शोधत बसाल.

सातवी : निवड

थोडक्यात सांगतो. पुस्तकाला आयएसबीएन आहे म्हणून ते तपासलेलं आहे असं काही नाही, तो नंबर दिल्लीची सरकारी यंत्रणा फुकट देते, दर्जा बघत नाही. पैसे भरून आठ दिवसांत निबंध छापणारी जर्नलं आपल्याकडं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली होती. यूजीसीनं त्यासाठी मान्य जर्नलांची केअर यादी काढली, तीही २०२५ ला बंद केली, म्हणजे आता पारख तुम्हालाच करायचीय. पीएचडीचा प्रबंध जमा करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत निघालीय, तरी आपल्या विद्यापीठाचा नियम विचारून घ्या आणि उगं घाईत कुठंही पैसे भरू नका.

विकत घ्यायचं तर संभाजीनगरला औरंगपुरा, पैठण गेटच्या बाजूची दुकानं फिरा, आउट ऑफ प्रिंट असेल तर सरळ लेखकाला किंवा त्यांच्या घरच्यांना फोन लावा, पलंगाखाली गठ्ठा असतोच.

आठवी : तुमचं छापून झाल्यावर

हे बहुतेक जण करत नाहीत. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, तर तुमच्या प्रकाशकानं त्या पाठवल्या का ते विचारा, पोस्टाची पावती मागा. पुस्तकाच्या शेवटी नामसूची घाला, आणि तिच्यात मोमिनाबाद, अंबेजोगाई, अंबाजोगाई तिन्ही नोंदी करा, पुढचा शोधणारा कुठल्या नावानं येईल सांगता येत नाही. मग एक प्रत विद्यापीठाला, एक साहित्य परिषदेला, एक गावच्या वाचनालयाला स्वतः नेऊन द्या. देऊन लगेच निघू नका. दाखल रजिस्टरला नंबर पडेपर्यंत तिथंच उभं राहा, नाहीतर तुमचंही पुस्तक जिन्याखालच्या गठ्ठ्यात जाईल.